बुखारीशेजारचं अंदमान

किस्से साठायला एकच गोष्ट लागते, ती म्हणजे रिकामा वेळ. तो आम्हाला सरकारने भरपूर दिला होता. एकदा रस्ता बंद झाला की आमच्या चौकीवरून खाली जाणं नाही, खालून वर कोणी येणं नाही. हवा बरी असली तर हेलिकॉप्टर यायचं, रॉकेल, रेशन आणि टपाल टाकून जायचं. बाकी पहारा द्यायचा, रात्री पायाची बोटं दाबून बघायची, कारण थंडीने पहिली तीच जातात, आणि बर्फ काढायचा. काढलेला बर्फ पुन्हा पडायचा, तो पुन्हा काढायचा. अशा जागी माणूस दोनच गोष्टी करतो. घरची आठवण काढतो, नाहीतर शेजारच्याची टिंगल करतो. आम्ही दोन्ही एकदमच करायचो.

मी तेव्हा हवालदार होतो. आता रिटायर होऊन इकडे कन्नड मुलखात, येलहंक्यात असतो, देवनहळ्ळीकडे एका नव्या लेआउटवर सिक्युरिटी सुपरवायझर आहे. त्या चौकीवर आमचा स्वयंपाकी होता बसू, अथणीकडचा. तो आता पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचं कँटीन चालवतो. आणि तिसरा रवी. हा मूळचा येलहंक्याचाच, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड बोलणारा. तो अजून नोकरीत आहे, सुट्टीवर आला की आमच्यात येऊन बसतो. बसतो म्हणजे उभा राहतो. रविवारी सकाळी आम्ही दर्शिनीत, म्हणजे बिनखुर्च्यांच्या हॉटेलात, उभ्याउभ्या कॉफी पितो आणि तेच तेच किस्से सांगतो.

माझी बायको म्हणते, "दर वेळी सांगताना तुमचा बर्फ दोन फूट वाढतो."

वाढू दे की. काढायचा तर नाहीये आता.

* * *

सुरुवात बसूपासून करतो, कारण त्याची बदनामी केली की सगळ्यांना बरं वाटतं.

चौकीवर डब्यातलं अननस होतं, बदाम होते, चॉकलेट होतं. कोणी हात लावत नव्हतं. तिथल्या उंचीवर भूकच मरते. सुभेदारसाहेब ओरडायचे, "खाओ, नहीं तो गिर जाओगे." सुभेदार नेगीसाहेब, गढवालचे. उंचीला कमी, आवाजाला जास्त. त्यांनी एक दिवस बसूला बोलावून सांगितलं, "कुछ ऐसा बना जो ये लोग घर में खाते हैं."

बसू म्हणाला, "डोसा."

तांदूळ होते, उडीद डाळ होती. भिजवली, वाटली. पण पीठ आंबेना. आंबणार कसं, पातेल्यातल्या पिठावर सकाळी बर्फाची साय धरलेली. बसूने ते बुखारीजवळ ठेवलं. बुखारी म्हणजे आमची रॉकेलवरची शेगडी, खोलीत ऊब असायची ती तिच्या आसपासच. तर तिच्याजवळ एक बाजू शिजली आणि दुसरी गोठली. शेवटी बसूने पीठ डब्यात भरलं आणि डबा स्वतःच्या स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपला. पोटाशी धरून. मी विचारलं, "अरे काय करतोस?" तर म्हणाला, "उस्ताद, माझ्याइतकं गरम इथे दुसरं काही नाही."

पीठ आंबलं. बसूच्या अंदाजापेक्षा जरा जास्तच आंबलं, आणि झाकण उडालं.

डोसे मात्र झाले. थोडे जाड, थोडे आंबट, पण डोसे. सगळ्यांनी दोन-दोन खाल्ले. रवी तर डोळे मिटून खात होता. पण बसूची बॅग धुणार कशी? आंघोळच होत नव्हती तिथे बॅग कोण धुतो. पुढे वसंत येईपर्यंत तो माणूस कालच्या पिठासारखा वास मारत होता.

साहेबांनी डोसा खाल्ला, हात पुसले आणि निकाल दिला, "डोसा अच्छा है. बसू को दरवाज़े के पास सुलाओ."

* * *

आता फोनचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

चौकीवर घरी बोलायला एकच फोन होता, वेल्फेअरचा. आठवड्यातून एकदा प्रत्येकाची पाळी. फोन ठेवायचा लंगरात, म्हणजे आमच्या स्वयंपाकाच्या खोलीत, कारण थंडीत त्याची बॅटरी मरायची आणि ऊब तिथेच. आम्हीही सगळे तिथेच. म्हणजे एकाच्या घरचं बोलणं बाकीच्यांनी ऐकायचं, हा नियम नव्हता, पण दुसरी जागाच नव्हती. कोणाच्या सासूने काय म्हटलं, कोणाच्या पोराला किती मार्क पडले, सगळं सगळ्यांना माहीत.

माझ्या पाळीच्या दिवशी एकदा बायको स्वयंपाकघरात उभी राहून बोलत होती. तेवढ्यात खाली गल्लीत पालेभाजीवाला आला. येलहंक्याला रोज येतो तो, हातगाडीवर भाजी घेऊन, "सोप्पू, सोप्पू" असं लांब ओढून ओरडतो. ती म्हणाली, "थांबा, भाजीवाला आलाय, नंतर बोलते." मी म्हटलं, "नको, फोन खिडकीत धर." तिने धरला. मी स्पीकर लावला.

लंगर एकदम शांत झालं. बाहेर वारा, आत बुखारीचा आवाज, आणि त्यातून येलहंक्याचा भाजीवाला मेथी, पालक, कोथिंबीर करत चाललेला. बसूने परात खाली ठेवली आणि हळूच म्हणाला, "उस्ताद, मेथी ताजी आहे का विचारा."

मी विचारलं. बायको म्हणाली, "तुम्ही फोन मला केलाय की त्याला?"

पुढच्या आठवड्यात माझी पाळी आली तर फोन उचलायच्या आधीच बायको खिडकीत. आणि खालून त्या भाजीवाल्याचा आवाज, "अक्का, मिलिटरीवाले लाइनवर आहेत का? मग मी दोनदा ओरडतो."

* * *

रवीचं अंदमान कसं सुरू झालं, ते आता ऐका.

रवीचा मामा फौजेत होता. आईचा धाकटा भाऊ. तो बर्फातच गेला, हिमकडा कोसळून. फार दिवसांनी सापडला. रवीची आई त्यानंतर कित्येक महिने अंथरुणावरून उठली नव्हती. पुढे रवी भरती व्हायला निघाला तेव्हा तिने त्याचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला आणि म्हणाली, "फौज चालेल. बर्फ नाही."

आता फौजेत असं काही चालतं का? तिथे काय आपण हॉटेलात बसलोय, हे हवं ते नको म्हणायला? ऑर्डर आली आणि रवी आमच्याबरोबर वर आला. त्याच वर्षी आईच्या छातीत स्टेंट घातलेला. रवीची मोठी बहीण, सुमाअक्का, त्याला स्पष्ट म्हणाली होती, "तिला कळलं तर काही खरं नाही. तू कुठेही जा, पण तिला बर्फ कळता कामा नये."

पहिल्याच फोनला आईने विचारलं, "कुठे टाकलंय रे तुला?"

समोर भिंतीवर बसूने लावलेलं जुनं कॅलेंडर होतं. निळा समुद्र, नारळाची झाडं. रवी म्हणाला, "अंदमान."

आम्ही सगळ्यांनी एकदम त्याच्याकडे बघितलं. फोन ठेवल्यावर तो साहेबांसमोर उभा राहिला, चेहरा पडलेला. खोटं बोलण्याबद्दल आता कानफटात बसणार असं आम्हाला वाटलं. साहेबांनी जरा विचार केला.

"जगह का सही नाम नहीं बताना, यह रूल है," ते म्हणाले. "ग़लत नाम का कोई रूल नहीं है."

झालं. त्या दिवसापासून आमची अख्खी चौकी अंदमानात गेली.

* * *

अंदमान म्हटल्यावर आईची काळजी संपेल असं रवीला वाटलं होतं. आईची काळजी कधी संपते का? ती फक्त बर्फावरून समुद्रावर गेली.

समुद्रात उतरू नकोस. नारळाच्या झाडाखाली उभा राहू नकोस. मासे खाऊ नकोस, नाहीतर खा, पण ताजे खा. उकाडा फार असेल तर सब्जा भिजवून घे. रवी सगळ्याला "हो आई" म्हणायचा. अंगावर चार थर लोकर, त्यावर पिसांचा कोट, आणि तोंडाने "हो आई, पंखा आहे" चाललेलं.

मग हेलिकॉप्टरने पार्सल आलं. सुमाअक्काला टाळता आलं नव्हतं, आईने समोर बसून बांधून घेतलं होतं. आत अर्ध्या बाह्यांचे सुती बनियन, घामोळ्याची पावडर, वाळ्याची जुडी, सब्जा आणि एक मच्छरदाणी.

मच्छरदाणी बघून बसू जमिनीवर बसला आणि हसता हसता त्याला धाप लागली. तिथे हसणंसुद्धा जपून करावं लागतं. पण त्यानेच तिचा उपयोग शोधला. आम्ही प्यायला बर्फ वितळवायचो, त्या पाण्यात काजळी आणि लोकरीचे तंतू यायचे. बसूने मच्छरदाणी चौपदरी केली आणि पाणी गाळायला घेतली. त्या हिवाळ्यात आम्ही प्यालेलं सगळं पाणी रवीच्या आईच्या मच्छरदाणीतून आलेलं आहे. घामोळ्याची पावडर बसूला दिली, कारण सांगायला नको.

पुढच्या पाळीला आईने विचारलं, "डास चावतात का रे?"

"एकही नाही, आई," रवी म्हणाला. नंतर मला म्हणाला, "उस्ताद, फार दिवसांनी खरं बोललो, बरं वाटलं."

* * *

एकदा बंगालच्या उपसागरात वादळ आलं. बातमी आम्हाला नव्हती, रवीच्या आईला होती. त्या दिवशी पाळी रवीची होती आणि नेमकं आमच्याकडेही सुटलं होतं. दार दोराने बांधलेलं, छताचा पत्रा थडथडत होता.

आई रडवेली होऊन म्हणाली, "अरे तिकडे वादळ आहे म्हणतात, तू कुठे आहेस?"

"आत आहे, आई. काही वादळबिदळ नाही."

"मला वारा ऐकू येतोय की."

रवीने आमच्याकडे बघितलं. आम्ही काय करणार, वारा काय आमचं ऐकतो? तो म्हणाला, "समुद्राचा वारा आहे, आई. रोजचाच."

"मग किनाऱ्यावर कशाला उभा आहेस? आत जा आधी."

"हो, जातो."

"जा म्हणते ना. फोन ठेव आणि जा."

तिने फोन ठेवला सुद्धा. आठवड्याची पाळी, तीही पुरती न वापरता. रवी हातात फोन धरून तसाच बसला. साहेबांनी त्याला चहा दिला. स्वतः उठून दिला, ही गोष्ट आम्ही नोंदवून ठेवली, कारण पुन्हा तसं कधी झालं नाही.

* * *

मग सुमाअक्काच्या नवऱ्याने सासूला स्मार्टफोन घेऊन दिला. चांगला माणूस, पण काही गोष्टी विचारून कराव्यात. आई म्हणाली, मला रवीला बघायचंय.

हवा स्वच्छ असली तर आमच्याकडे व्हिडिओ दिसायचा, अडखळत का होईना. रवी दोन पाळ्या "नेटवर्क नाही" म्हणाला. तिसऱ्या वेळी अक्का मधे पडली, "आई जेवत नाहीये. तुला काहीतरी झालंय आणि आम्ही लपवतोय असं तिला वाटतंय."

मग अंदमान उभं करावंच लागलं.

बुखारीच्या अगदी शेजारी जागा केली. मागे निळी ताडपत्री ताणून मी एका बाजूने धरली, एक जवान दुसऱ्या बाजूने. कॅलेंडरमधलं नारळाचं झाड कापून ताडपत्रीवर चिकटवलं, पण ते एवढंसं दिसायला लागलं, म्हणून काढलं. रवीला आईनेच पाठवलेला बनियन घातला. बसूने त्याच्या कपाळावर पाण्याचे थेंब लावले, घाम म्हणून. सगळं जमलं. रवीने तोंड उघडलं आणि तोंडातून ही वाफ बाहेर.

वाफेचं काय करायचं? अंदमानात माणसाच्या तोंडातून वाफ येते हे कोणत्या आईला पटेल?

साहेब म्हणाले, "मुँह ठंडा करो. बर्फ रखो मुँह में."

खरंच, बर्फाचा खडा जिभेवर धरला की वाफ दिसेना. रवीने खडा धरला. फोन लागला. आई दिसली, डोक्यावर पदर, फोन इतका जवळ की नाक आणि एक डोळाच दिसत होता.

"बारीक झालास रे. आणि बोलतोस कसा? तोंडात काय आहे?"

रवीला दुसरं काही सुचेना. "बर्फ, आई."

मी ताडपत्रीआड डोळे मिटून घेतले. संपलं म्हटलं.

आई म्हणाली, "उकाड्यात बर्फ चघळू नकोस, किती वेळा सांगायचं. घसा धरतो तुझा."

इथवर निभावलं. पण त्याच वेळी बाहेरचा पहारा बघून साहेब आत आले. ते फोन लावायच्या आधीच निघून गेले होते आणि आता विसरले होते. अंगात पांढरा बर्फाचा सूट, डोक्यावर टोपडं, चेहऱ्यावर मोठा गॉगल, हातात जाड मोजे. ताडपत्री बाजूला करून रवीच्या अगदी मागे उभे. मग लक्षात आलं तसे उलट्या पावली बाहेर.

"हे कोण रे?"

"आमचे साहेब."

"असे का कपडे घातलेत त्यांनी?"

रवीने खडा गिळला. "मधमाश्या पाळतात, आई. मध काढून आले."

आईने फोन आणखी जवळ घेतला. मग म्हणाली, "चांगला माणूस दिसतो. येताना स्वल्प मध आण."

साहेबांना हे सांगायची कोणाची हिंमत होईना. शेवटी बसूने सांगितलं, कारण तो आधीच दाराजवळ झोपत होता, त्याला आणखी कुठे पाठवणार. साहेबांनी नुसता गॉगल पुसला. पण रस्ता उघडल्यावर पहिल्या ट्रकने खाली जाणाऱ्या माणसाला त्यांनी स्वतःच्या खर्चाने मध आणायला सांगितला, आणि बाटलीवरचा कागद नखाने खरवडून काढला. त्यावर पहाडाचं चित्र होतं.

* * *

मधे एक बसूचं आजचं सांगतो, नाहीतर तो रागावेल.

पीण्यातल्या कँटीनमध्ये कामगार हात धुतात आणि नळ तसाच सोडून जातात. बसूला ते बघवत नाही. तो ताटं सोडून धावत येतो, "अरे एवढ्या पाण्याला किती बर्फ आणावा लागतो, काही कल्पना?" नवी पोरं त्याच्या तोंडाकडे बघत राहतात. मागे एक पोरगा अगदी नम्रपणे म्हणाला, "अण्णा, इथे नळ फिरवला की येतं."

बसू म्हणतो, ते पटायला त्याला अजून थोडा वेळ लागेल.

* * *

हा किस्सा आम्ही दर्शिनीत सांगत नाही. पण क्रमाने सांगायचं तर इथेच येतो.

हिवाळा संपत आला होता. आमच्यापासून लांब, दुसऱ्या भागात, एका चौकीवर हिमकडा कोसळला. माणसं गेली. आम्हाला त्या दिवशी वायरलेसवर कळलं. पाळी रवीची नव्हती, पण ज्याची होती तो म्हणाला, तू लाव. टीव्हीवर आलं असेल, तुझी आई बघत असेल.

रवीने साधाच फोन लावला, आणि स्पीकर लावून मधोमध ठेवला. एकट्याने ऐकायची त्याची तयारी नव्हती.

"टीव्ही बघितलास?" आईने विचारलं.

"हो."

"मुलं गेली रे."

"हो, आई."

आता ती मामाचं नाव काढणार, रडणार, छातीला काही होणार, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. सुमाअक्काचा मागून आवाज येत होता, "आई, पाणी घे."

मग आई म्हणाली, "तुझ्या साहेबांची ओळख असेल ना वर? त्यांना सांग. तिकडे बर्फात जी मुलं आहेत, त्यांना आज घरी फोन करू द्या म्हणावं. पाळी असो नसो. दोन शब्द बोलली तरी पुरे. आया तशाच बसल्या असतील."

"सांगतो," रवी म्हणाला.

साहेबांना मराठी येत नव्हती. रवीने हिंदीत सांगितलं, सांगताना दोनदा अडला. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आज सबकी बारी."

सगळ्यांनी फोन केले. कोणी काही विशेष बोललं नाही. जेवलीस का, जेवलो, ठीक आहे, ठेवतो. मीही तेवढंच बोललो. साहेबांनी सगळ्यात शेवटी गढवालला लावला. त्यांची पाळी आली तेव्हा आम्ही कोट चढवले आणि सगळे बाहेर जाऊन उभे राहिलो. एरवी कोणाचाही फोन न सोडणारे आम्ही.

* * *

रस्ता उघडला आणि रवीला आणि मला एकाच वेळी सुट्टी मिळाली. आगगाडीत सगळा वेळ रवी पाठ करत होता. पोर्ट ब्लेअरहून बोट, बोटीने चेन्नई, चेन्नईहून रेल्वे. मी परीक्षा घेत होतो. "बोटीला किती दिवस लागले? उलटी झाली का? जेवायला काय दिलं?" तो चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

चेहऱ्याचं मात्र आयतंच झालं होतं. बर्फावरच्या उन्हाने माणूस तव्यासारखा काळा होतो, आणि गॉगलखाली तेवढं पांढरं राहतं. समुद्राच्या उन्हानेही तसं होत असेल असं आम्ही धरून चाललो.

येलहंक्याला उतरल्यावर तो म्हणाला, "उस्ताद, आधी माझ्या घरी चला. तुम्ही असलात की मी अडकणार नाही." माझी बायको वाट बघत होती, पण गेलो. जुन्या येलहंक्यात, देवळामागच्या गल्लीत त्यांचं घर. सुमाअक्काने दार उघडलं आणि तोंडावर हात ठेवला.

"अय्यो, घुबड दिसतोस रे."

आई खुर्चीत बसली होती. फोनवर मोठी वाटायची, होती एवढीशी. रवी पाया पडला, मीही पडलो. तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "ऊन फार दिसतं तिकडे." रवीने मधाची बाटली दिली. तिने ती उजेडात धरून बघितली, बोटाला लावून चाखली. "साहेबांना सांग, चांगला आहे."

रवीने माझ्याकडे बघून श्वास सोडला.

शेजारच्या बाई दह्याचं भांडं घेऊन डोकावल्या. रवीची आई त्यांना कन्नडमध्ये सांगायला लागली, मुलगा अंदमानात असतो, चोवीस तास समुद्र, उकाडा इतका की बर्फ चघळावा लागतो. बाई "हौदा, हौदा", म्हणजे खरं का, खरं का, करत ऐकत होत्या. बोटीचं सुद्धा तिनेच सांगितलं, रवीला तोंड उघडावं लागलं नाही. बाई दही ठेवून गेल्या.

मग आई उठली. बाहेरचं दार लावलं, कडी घातली. लाकडी पाट ओढला आणि रवीसमोर जमिनीजवळ बसली. त्याच्या बुटाची नाडी सोडायला लागली.

"आई, काय करतेस? पाय काय धरतेस माझे?" रवीने पाय मागे घेतला.

"गप्प बस."

तिने दोन्ही बूट काढले, दोन्ही मोजे काढले. एक पाय मांडीवर घेतला. अंगठ्यापासून सुरू करून एकेक बोट चिमटीत धरून दाबून बघितलं, ओठ मोजल्यासारखे हलत होते. एका बोटाचं नख काळं पडलं होतं, तिथे थांबली, पुन्हा दाबलं.

"दुखतं?"

"नाही."

मग दुसरा पाय. सुमाअक्का स्वयंपाकघराच्या दारात भिंतीला धरून उभी होती. रवी वर छताकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांभोवतीचे ते पांढरे गोल ओले झाले होते.

शेवटचं बोट झालं. आईने दोन्ही पाय पदराने पुसले आणि अलगद जमिनीवर ठेवले.

"सरी, ठीक आहेत," ती म्हणाली.

मग पाट माझ्या बाजूला सरकवला.

"आता तुम्ही. काढा बूट."